किर्लोस्करांचा नांगर : फिरणाऱ्या मजकुरातल्या चुका

पुण्यातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे : “जगातला पहिला लोखंडी नांगर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुण्याच्या कारखान्यात बनवला. तेच त्यांचे पहिले उत्पादन. पण शेतकरी अडाणी, लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून दोन वर्षे कोणी तो घेतला नाही.” लक्ष्मणरावांबद्दलचा आदर आम्हालाही आहे, म्हणूनच हे दुरुस्त करायला हवे.

जगातला पहिला? नाही. इंग्लंडात रॉबर्ट रॅन्समने बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, फाळाचे पेटंट १७८५ मध्ये घेतले होते, अमेरिकेत जॉन डीअरचा पोलादी फाळाचा नांगर १८३७ चा. किर्लोस्करांचा १९०३ चा.

पुण्यात? तोही नाही, बेळगावात. तिथली जागा सोडावी लागली तेव्हा सातारा भागातल्या औंध संस्थानाने कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्यात खडकीला कारखाना आला तो १९४६ मध्ये, आणि तो डिझेल इंजिनांचा.

नांगराआधी त्यांनी कडबा कापायचे हातयंत्र, म्हणजे कुट्टी यंत्र, बनवले. दिसायला सोपे, करायला अवघड. चाकावरचे पाते यंत्राच्या तोंडाच्या पट्टीला जवळजवळ घासून गेले पाहिजे. फट वाढली की कडब्याचे ताट तुटत नाही, दुमडून आत ओढले जाते आणि चाक अडकते. चाकाचा आस जराही हलला तरी तेच होते.

राहिला ‘अडाणी’ हा शब्द. विषाची समजूत होती आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, हे खरे. पण शेतकऱ्यापुढे दुसरीही रास्त अडचण होती. त्याचा नांगर बाभळीचा, गावच्या सुताराने केलेला. फाळ बोथट झाला की लोहार तो भात्यावर लाल करून, ऐरणीवर टोक ठोकून लांबवी. याला फाळ शेवटणे म्हणतात. मोबदला बलुत्याच्या धान्यात, रोकड लागत नसे. नव्या नांगराचा बिडाचा फाळ असा शेवटता येत नाही. त्यात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो, त्यामुळे तो तापवून ठोकला तरी ताणला जात नाही, तडकतो. दगडावर आपटून टोक उडाले की नवाच फाळ घ्यावा लागतो, आणि तोही रोख पैसे मोजून.

फायदा मोठा होता, हेही सांगितले पाहिजे. लाकडी नांगर माती उकरतो, पालथी घालत नाही. लोखंडी नांगराचे वळणदार पाते तासातली माती पलटते, हरळीची मुळे वर येऊन उन्हात वाळतात. हे शेतात दिसत होतेच. पण ऐन नांगरटीत टोक तुटले आणि सुटा फाळ जवळच्या बाजारात नसला, तर नांगर बांधावर पडून राही आणि बैल उभे.