३३ इनिंगची मॅच आणि उलटासुलटा हिशोब

बेसबॉलवाल्यांच्या गप्पांत १९८१ ची, अमेरिकेतल्या पॉटकेट आणि रॉचेस्टर या टीमची मॅच निघाली की पुढचं वाक्य ठरलेलं: "अरे, त्यात कॅल रिपकेन आणि वेड बॉग्ज होते!" होते ना. दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या यादीत गेले, नाकारतंय कोण? पण रिपकेनने त्या मॅचमध्ये १३ वेळा बॅट धरून २ हिट (बेस मिळवून देणारे फटके) मारले. अशा माणसाच्या नावाने मॅच ओळखायची म्हणजे कमाल आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेसबॉलची मॅच नऊ इनिंगची; दोन्ही टीमची एकेकदा बॅटिंग झाली की एक इनिंग, आणि चारही बेस फिरून परत आलं की एक रन. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत एकेक इनिंग वाढवायची. १८ एप्रिल १९८१, ईस्टरच्या आदल्या रात्री, ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटच्या मॅककॉय स्टेडियमवर मॅच सुरू झाली. दिव्यांनी दगा दिल्यामुळे तीही अर्धा तास उशिरा. मायनर लीग म्हणजे मोठ्या लीगची खालची पायरी, प्रेक्षक १७४०. नवव्या इनिंगला पॉटकेटने १-१ केलं आणि मग कोणी हटेचना. एकविसाव्यात रॉचेस्टर पुढे गेलं, तर बॉग्जने डबल (दोन बेस मिळवणारा फटका) मारून पुन्हा बरोबरी केली. टीममधल्यांना आपल्याला मिठी मारावी की ठोसा हाणावा तेच कळत नव्हतं, असं तो स्वतःच नंतर सांगायचा.

थंडी इतकी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी पेटवून शेकोटी केली. वारा आतल्या दिशेने, त्यामुळे बाहेर जाणारे फटके मैदानात परत. लुइस अपोंते नावाचा पॉटकेटचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आपलं काम उरकून पहाटे घरी गेला, तर बायको दार उघडेना. मॅच अजून चालू आहे यावर तिचा विश्वासच बसेना! बिचारीचं काय चुकलं? रविवारच्या पेपरातही निकाल नव्हता.

खरं तर रात्री एक वाजायच्या सुमारास खेळ थांबवायचा नियम लीगमध्ये होता. अंपायरांच्या हातातल्या प्रतीत नेमकी तीच ओळ नव्हती. त्यांनी हातातलं पुस्तक प्रमाण मानलं. लीगचे अध्यक्ष हॅरल्ड कूपर फोनवर सापडेपर्यंत तीन वाजून गेले होते. शेवटी ३२ इनिंग पुऱ्या झाल्यावर ४ वाजून ७ मिनिटांनी मॅच थांबली. स्कोअर २-२. स्टँडमध्ये उरले १९ प्रेक्षक. माझ्या मते या मॅचचं पहिलं श्रेय त्या एकोणीस जणांचं. मायनर लीगच्या मॅचला, कुडकुडत, सणाच्या पहाटे बसून राहिले!

२३ जूनला मॅच पुढे सुरू झाली. तेव्हा मेजर लीगचा संप चालू होता, त्यामुळे पत्रकारांना दुसरं कामच नव्हतं. ५७४६ प्रेक्षक आले आणि सगळं १८ मिनिटांत आटोपलं. तेहेतिसाव्या इनिंगला तिन्ही बेस भरलेले असताना डेव्ह कोझाने हिट मारला, मार्टी बॅरेट धावत शेवटच्या बेसवर, होम प्लेटवर आला, पॉटकेट ३-२ ने जिंकलं. एकूण ८ तास २५ मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमधली आजवरची सगळ्यात लांब मॅच.

आणि हा कोझा मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही. एकही! रॉचेस्टरच्या डॅलस विल्यम्सचे तर १३ पैकी शून्य हिट, तो आकडा त्याला कायमचा चिकटला.

हा विक्रम आता मोडण्याची आशाही सोडा. २०१८ पासून मायनर लीगमध्ये दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर फुकटचा रनर उभा करतात, निकाल झटपट लागावा म्हणून. पिचरचे खांदे वाचतात, हे मान्य. तरी मला तो नियम आवडत नाही. न मारलेल्या हिटवर बेस कसला?

असो, मुद्दा श्रेयाचा होता. बेसबॉलमध्ये जीत आणि हार एकेका पिचरच्या नावावर लिहितात. ती अधिकृत नोंद बघा. जिंकणारा पिचर बॉब ओहेडा, टाकली फक्त तेहेतिसावी इनिंग. हरणारा स्टीव्ह ग्रिली, जो एप्रिलच्या त्या रात्री रॉचेस्टरच्या टीममध्येसुद्धा नव्हता. जूनमध्ये आला, तीन बॅटर बघितले, एकालाही बाद करता आलं नाही आणि अख्ख्या मॅचची हार त्याच्या नावावर चढली. आणि तेविसाव्या इनिंगपासून पहाटेपर्यंत सलग दहा इनिंग टाकून एकही रन न देणारा रॉचेस्टरचा जिम अंबार्गर? त्याच्या नावापुढे ना जीत, ना हार. आता बोला!