"अर्ध्या तासाच्या कामाला चार दिवस" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

शुक्रवारी दिवसभरात आमच्याकडून तुम्हाला एकही फोन गेला नाही. ही चूक आमचीच, त्याबद्दल माफी मागतो. ४,८०० रुपये बिल जास्त वाटलं, तेही समजू शकतो. पण "रिलेला डाग (सोल्डर) द्यायचं अर्ध्या तासाचं काम, त्याला चार दिवस लावले, आणि सोमवारी गाडीने परत झटका दिला" हे तुम्ही लिहिलंत ते फार लागलं. ते वाचून गिऱ्हाईक परस्पर दुसरीकडे वळलं तर आमच्या पोटावर पाय येतो. म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी २००२ ची होंडा सिटी व्हीटेक, १०६ बीएचपीची. तक्रार दोन प्रकारची होती: चढावर गरम झाली की चालता चालता बंद पडते, आणि उन्हात उभी राहिली की सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही. तुमच्या मित्राने मेन रिले, म्हणजे पेट्रोल पंपाला आणि ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) सप्लाय देणारा स्विच, सांगितला होता. या गाड्यांत तो जातो, हे खरंच आहे. पण चालती गाडी बंद पडायला इग्नायटर (ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा भाग), कॉइल, इग्निशन स्विचचे जळलेले पॉइंट किंवा मधली वायर यातलं काहीही कारण असू शकतं. आधीच्या गॅरेजने अंदाजाने कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटरची (ठिणगी चारही प्लगना वाटणारा भाग) कॅप बदलली होती, तरी दोष तसाच होता. आम्हीही अंदाजाने रिले झाळून बुधवारी संध्याकाळी गाडी देऊ शकलो असतो. गुरुवारी तुम्ही कात्रजच्या घाटात उभे राहिला असता.

बुधवारी गाडी दिवसभर एकदाही बंद पडली नाही. दोष दिसत नाही तोवर मीटर लावून काहीच सापडत नाही, वेळ जातो तो इथेच. म्हणून आम्ही डिस्ट्रिब्यूटरमधल्या इग्नायटरकडे जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या वायरवर एक टेस्ट लॅम्प आणि पेट्रोल पंपाच्या सप्लायवर दुसरा लावला. दोन्हीच्या वायरी लांबवून केबिनमध्ये घेतल्या आणि शेजारी माणूस बसवला. नुसत्या आरपीएमच्या काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. इग्नायटर गेला, त्याचा सप्लाय गेला किंवा रिलेमुळे ईसीएमचा सप्लाय गेला, तिन्ही वेळा गाडी गिअरमध्ये लोळत असतानाच काटा शून्यावर येतो. फक्त पंप गेला तर गाडी आधी आचके देते आणि काटा इंजिनाबरोबर उतरतो.

गुरुवारी दुपारी जुन्या कात्रज घाटात गाडी बंद पडली. काटा शून्यावर आला, काळ्या-पिवळ्या वायरचा दिवा विझला, पंपाचा मात्र चालू राहिला. म्हणजे त्या वेळी रिले काम करत होता आणि इग्नायटरला करंटच पोचत नव्हता. डॅशबोर्डचे दिवेही नीट होते, त्यामुळे इग्निशन स्विचवरचा संशयही गेला. स्टिअरिंगखालचं कव्हर काढल्यावर कारण सापडलं: बाहेरून बसवलेल्या रिमोट लॉकच्या इमोबिलायझरसाठी (चोरी होऊ नये म्हणून इंजिन बंद ठेवणारा भाग) तीच वायर कापून, नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली होती. आत तांबं हिरवं पडलं होतं. सुरू इंजिनावर त्या जोडाच्या दोन बाजूंना मीटर लावलं. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडायला नको. तिथे १.९ व्होल्ट पडत होते, आणि वायर हलवली की इंजिन बंद.

साहेब, गाडी घेताना आम्ही विचारलं होतं की बाहेरचं काही वायरिंग केलंय का. तुम्ही "नाही" म्हणालात. जॉब कार्डवर तसंच लिहिलेलं आहे. ते तेव्हा कळलं असतं तर पहिलं कव्हर तिथलंच काढलं असतं आणि किमान एक दिवस वाचला असता.

शुक्रवारी वायर झाळून हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली आणि गाडी दोन तास काचा बंद करून उन्हात ठेवली. सेल्फ फिरला, गाडी चालू झाली नाही. चावी ऑन केल्यावर पंप दोन सेकंद गुणगुणतो, तो आवाजच नव्हता. हा दुसरा दोष, आणि हा मात्र रिलेचाच. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि हादऱ्याने पिनांभोवतीच्या डागाला अंगठीसारखी चीर पडते. थंड असताना ती मिटलेली असते, तापल्यावर उघडते. जुना डाग पूर्ण ओढून नवा दिला. नवीन रिले घालणं जास्त चांगलं, हेही सांगितलं होतं, तुम्ही "सध्या राहू द्या" म्हणालात. इग्नायटर दहा मिनिटं हेअर ड्रायरने तापवून पाहिला, करंट तुटला नाही. थर्मोस्टॅट हाउसिंगवरचा अर्थ (अर्थिंग वायरचा जोड) घासून घट्ट केला.

शनिवार संध्याकाळी आम्ही आणखी एक रात्र मागितली होती, रविवारी खेड-शिवापूरपर्यंत गरम गाडीची एक फेरी मारायला. तुम्हाला बाहेरगावी जायचं होतं, गाडी नेलीत. सोमवारी झटका आला, पण तुमच्याच लिहिण्याप्रमाणे गाडी बंद पडली नाही. तीन नंबरच्या प्लग लीडचा (प्लगला करंट नेणारी वायर) रेझिस्टन्स २२ किलोओम आहे. मर्यादा २५ ची, बाकी तिन्ही बऱ्याच खाली आहेत. बिलाच्या मागे "लीड सेट बदलावा" असं लिहून दिलंय. माझा पहिला संशय तिच्यावर आहे, पण तपासल्याशिवाय ठाम सांगणार नाही.

यापुढे फोनचं बघतो, रोज संध्याकाळी कळवायची काहीतरी व्यवस्था करतो. तपासणीचे पैसे पुन्हा घेणार नाही, लीड लागल्याच तर फक्त त्यांचे द्या. गाडी आदल्या रात्रीच आणून ठेवा आणि रिमोट लॉक कुठे बसवून घेतलं ते आठवत असेल तर तिथला वायरिंगचा कागद घेऊन या. सकाळी थंड इंजिनावर तुमच्यासमोर लीडवर पाणी फवारून करंट गळतो का ते बघू.