पावसाच्या पाण्यातून काय येणार, हे कुणी विचारतं का?

मे महिना आला की मुंबईत एकच हिशेब सुरू होतो. नाल्यांतून गाळ किती काढला? टक्के, मेट्रिक टन, डंपरच्या फेऱ्या, वजनकाट्याच्या पावत्या. हा हिशेब हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तो गाळ नाल्यात आला कुठून आणि कुणी सोडला, हे विचारताना मी कुणालाच ऐकलेलं नाही. पोस्ट लांबणार आहे, पण सोसायटीच्या कमिटीवर असाल तर कृपया पूर्ण वाचा.

आधी एक गोष्ट, जी अजूनही अनेकांना माहीत नसते. मुंबईत सांडपाण्याची वाहिनी वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी. घरातलं सांडपाणी मलनिःसारण केंद्राकडे जातं. रस्त्याकडेच्या जाळीतून खाली जाणारं पाणी मात्र गटारातून नाल्यात, नाल्यातून पातमुखाशी, म्हणजे नाल्याच्या शेवटच्या तोंडाशी, आणि तिथून थेट खाडीत किंवा समुद्रात जातं. वाटेत शुद्धीकरण नाही. म्हणजे जाळीत जे पडलं, ते माहीमच्या खाडीत पोहोचलं असं धरून चाला. नाहीतर ते मधेच बसतं आणि जुलैत आपल्या गुडघ्यापर्यंत पाणी आणतं.

आमच्या गल्लीत एका इमारतीचं रिडेव्हलपमेंट सुरू आहे. पायलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब घालण्याचं काम, सुरू झाल्यापासून गेटच्या कोपऱ्यातून राखाडी पाण्याची धार फुटपाथच्या कडेने वाहत असते. स्लॅबच्या दिवशी मिक्सरच्या गाड्या रिकाम्या झाल्या की तिथेच पाइप लावून मागची पन्हळ धुतात. ते पाणी जाळीतून खाली उतरतं, त्यातलं सिमेंट तळाशी बसतं आणि घट्ट होतं. साधा गाळ फावड्याने निघतो, हा थर निघत नाही. आमच्याकडे चेंबर उघडलं तेव्हा कामगार वाकून पहारीने तो थर फोडत होता आणि सिमेंटच्या चपट्या खपल्या बाहेर टाकत होता. तक्रार केल्यावर चेंबर साफ करून मिळालं, तेही लवकर. पण खर्च पालिकेचा, म्हणजे तुमचा-माझा. ज्याच्या गेटातून हे सगळं आलं, त्याला कुणी जाब विचारला नाही. पुढच्या स्लॅबला तेच पाणी, तीच जाळी.

कायदा नाही असं नाही. १९७४ चा जल प्रदूषण प्रतिबंध कायदा काढून बघा. त्याच्या कलम २४ नुसार प्रदूषण करणारा पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात सोडायला मनाई आहे. आणि ‘प्रवाह’ म्हणजे काय, याची व्याख्या खूप व्यापक आहे. नदी आली, समुद्र आणि भरतीचं पाणी आलं आणि जलप्रवाहही आले, मग ते वाहते असोत वा तात्पुरते कोरडे. जानेवारीत सुका पडलेला नाला या व्याख्येबाहेर आहे असं मला कुणी पटवून द्यावं. कलम २५ नुसार सांडपाणी सोडायचं असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. कारखानदार मंडळी ज्याला ‘कन्सेंट’ म्हणतात, ती हीच.

पण कन्सेंटचा सगळा रोख कारखान्याच्या पाइपातून येणाऱ्या पाण्यावर आहे. पाऊस पडल्यावर आवारातून जे धुऊन जातं, त्यासाठी आपल्याकडे वेगळा परवानाच नाही. बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर बांधकाम क्षेत्रापासून पुढे. उपनगरांत जागोजागी चाललेली एकेका इमारतीची रिडेव्हलपमेंट त्यातून सहज सुटते. राहिला पालिकेचा पर्जन्य जलवाहिनी विभाग. त्याचे रिमार्क्स, म्हणजे लेखी शेरे, बिल्डरला घ्यावे लागतात, पण त्यात उतार, पाइपाचा आकार, पाणी कुठे जोडणार हेच बघितलं जातं. पाणी किती येणार हे विचारतात, पाण्यातून काय येणार हे विचारत नाहीत. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

धुळीचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा बिघडली तेव्हा पालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. उंच पत्रे लावा, ओलं हिरवं कापड बांधा, गाडी बाहेर पडताना चाकं धुवा. चांगले नियम आहेत, आणि पत्रे खरोखर लागलेही. पण चाकं धुतलेलं चिखलाचं पाणी कुठे जाणार? जिथे खड्डा करून ते साठवलं जात नाही, तिथे ते गटारातच जातं. हवेतली धूळ कमी करायला आपण ती नाल्यात ढकलतो आणि मे महिन्यात पैसे देऊन पुन्हा उपसतो.

अमेरिकेत हे कसं करतात ते वाचलं तेव्हा फार काही अवघड नाही हे लक्षात आलं. तिथला क्लीन वॉटर ॲक्ट १९७२ चा. तोही आधी कारखान्यांच्या पाइपांभोवतीच फिरत होता. १९८७ च्या दुरुस्तीने पावसाच्या पाण्यालाही परवाना लागू लागला, आणि १९९९ च्या नियमांनी एक एकर जमीन उकरणारी बांधकामंसुद्धा त्यात आली. काम सुरू करण्याआधी लेखी आराखडा लागतो: माती कुठे अडवणार, काँक्रीटच्या गाड्या कुठे धुणार, जवळच्या जाळीला संरक्षण काय. परवान्याची सूचना साइटच्या दर्शनी भागात लावायची. पाहणी दर आठवड्याला, किंवा पंधरवड्याला आणि शिवाय पाव इंच पाऊस झाला की लगेच. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटर. आपल्याकडे जुलैत तेवढा पाऊस चहा पिऊन होईस्तोवर पडतो, त्यामुळे नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. पण तिथे घाण गेटाच्या आत अडवण्याची जबाबदारी जागेवर काम करणाऱ्याची असते. हे तत्त्व मुंबईतही चालेल.

कुणी म्हणेल, एवढ्याशा सिमेंटने काय होतंय? आपली जुनी गटारं बांधली गेली ती ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटीच्या वेळचा हिशेब धरून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाने क्षमता ताशी ५० वर न्यायचं काम हाती घेतलं. पंपिंग स्टेशनं झाली, नाले रुंद झाले, त्यावर प्रचंड पैसा गेला. पण ५० मिलिमीटरसाठी बांधलेल्या वाहिनीच्या तळाशी सिमेंट बसलं, तर वाहिनी तेवढी उरत नाही.

आणि हो, नाला तुंबला की वस्तीवर बोट ठेवायचं, ही सवय मला अजिबात मान्य नाही. जिथे मलवाहिनीच पोहोचली नाही, तिथली माणसं सांडपाणी नेणार कुठे? तिथे वाहिनी टाकणं हे पालिकेचं काम आहे. कोट्यवधींचे फ्लॅट विकणाऱ्या साइटला मात्र अशी कुठलीही सबब नाही.

घाण गेटाच्या आत अडवण्याची अट पालिकेने आयओडीत, म्हणजे बांधकामाच्या सुरुवातीच्या मंजुरीपत्रात घालावी, असं पत्र मी वॉर्डात दिलं आहे. तुम्हीही द्या. पण तोवर थांबायची गरज नाही. ज्यांच्या सोसायटीचा बिल्डरबरोबरचा विकास करारनामा अजून व्हायचाय, त्यांच्या हातात आज ताकद आहे. कॉर्पस (बिल्डर सोसायटीला देतो ती ठोक रक्कम) आणि पार्किंगवर आपण महिनोन्‌महिने घासाघीस करतो. त्याच करारात अजून एक कलम घालून घ्या: गाड्या आणि चाकं धुण्यासाठी प्लॉटच्या आत पक्का खड्डा, बाहेर जाणाऱ्या पाण्यासाठी गाळ बसवणारी टाकी, पावसाळ्यात दर आठवड्याला जाळीचे फोटो कमिटीला, आणि बाहेरचं चेंबर तुंबलं तर सफाईचा खर्च विकासकाचा. वकिलाला मसुद्यात घालायला अर्धा तास पुरेल. आमच्या शेजारच्या दोन सोसायट्यांची बोलणी सुरू आहेत, त्यांना मी हे लिहून दिलंय. कुणाला मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.