छिटमहल, सरंजाम आणि बापाचं नाव

सीमेवरच्या लोकांच्या देशभक्तीबद्दल सगळ्यात जास्त कॉन्फिडन्सनं कोण बोलतं, तर सीमेपासून दोन हजार किलोमीटर लांब बसलेले आपण. परवा फॅमिली ग्रुपवर परत तेच सुरू झालं, बंगाली बोलणारे मजूर, सगळे घुसखोर, पकडा आणि हाकला. तिथे उत्तर दिलं असतं तर काकांनी दिवाळीला तोंड दाखवू दिलं नसतं म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, वेळ असेल तर वाचा.

पश्चिम बंगालच्या उत्तरेला, बांगलादेशच्या सीमेवर असलेल्या कूचबिहारची गोष्ट सांगतो. २०१५ पर्यंत बांगलादेशच्या पोटात भारताचे १११ तुकडे होते आणि भारताच्या पोटात बांगलादेशचे ५१. छिटमहल म्हणतात त्यांना. त्यातल्या काही तुकड्यांच्या आत परत समोरच्या देशाचे तुकडे, आणि दहाला खागराबाडी म्हणून एक जागा तर अशी की बांगलादेशात भारताचं छिट, त्यात बांगलादेशचं गाव आणि त्या गावात परत भारताचं एक शेत. पावणेदोन एकराच्या आसपासचं, तागाचं. बास, एवढंच. यूट्यूबवर याचे 'जगातली सगळ्यात विचित्र बॉर्डर' टाइप व्हिडिओ आहेत, मागे टुणटुण म्युझिक लावून. पण २०११ साली दोन्ही देशांनी मिळून शिरगणती केली तेव्हा या तुकड्यांमध्ये ५१ हजारांवर माणसं राहत होती. ३७,३३४ भारताच्या छिटांमध्ये आणि १४,२१५ बांगलादेशच्या. ती काय गंमत म्हणून राहत नव्हती.

हे झालं कसं? तिकडची लोककथा म्हणते की कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळायचे आणि गावं डावावर लावायचे. कथा भारी आहे पण खरं कारण कंटाळवाणं आहे, म्हणजे शेतसारा. कोच राजे आणि मुघलांच्या लढाया अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तहाने थांबल्या, तेव्हा काही जमीनदार मुघलांच्या मुलखात राहून कूचबिहारला सारा भरत राहिले आणि काही उलटं. कोणालाच त्रास नव्हता, कारण मधे ना कुंपण ना पासपोर्ट. वसुली कोणाच्या खजिन्यात जाते एवढाच प्रश्न. मग १९४७ ला रंगपूर पाकिस्तानात गेलं, कूचबिहार संस्थान होतं म्हणून ते फाळणीची रेघ आखणाऱ्या रॅडक्लिफच्या कात्रीखाली आलंच नाही, ते १९४९ ला भारतात आलं आणि १९५० च्या १ जानेवारीला पश्चिम बंगालमध्ये. आणि जी रेघ वसुलीच्या वहीत होती ती एकदम आंतरराष्ट्रीय सीमा झाली. शेतकरी जागेवरच, नांगर जागेवरच, आणि बाजाराला जायचं म्हणजे परदेशात जायचं.

आपल्याकडे हे कधी झालंच नाही असं वाटत असेल तर दादरा नगर हवेली आठवा. १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना १२,००० रुपये उत्पन्नाची गावं द्यायचं कबूल केलं, आणि दिलं ते उत्पन्न, सार्वभौमत्व नव्हे. आपल्या भाषेत सरंजाम. पण इंग्रज आले, त्यांनी पोर्तुगीजांना तिथले मालकच धरून चालवलं आणि १९४७ नंतर भारताच्या आत पोर्तुगालचे दोन तुकडे शिल्लक. १९५४ मध्ये सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे वगैरे मंडळी जाऊन ते मुक्त करून आली हे आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण पुढचं फार कोणी सांगत नाही. पोर्तुगाल हेगच्या कोर्टात गेला आणि १९६० च्या निकालात न्यायमूर्ती पेशव्यांच्या सनदांचा अर्थ लावत बसलेत, की हा महसुलाचा हक्क होता का राज्याचा! आणि १९६१ पर्यंत तो भाग प्रत्यक्षात पोर्तुगालच्या ताब्यात नाही आणि कागदोपत्री भारतात नाही, वरिष्ठ पंचायत कारभार बघायची. शेवटी विलीनीकरणाच्या करारावर सही करायला बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला तिथला पंतप्रधान करून टाकलं, एका दिवसासाठी. तेव्हा सात वर्षं तिथली माणसं कोणत्या देशाची होती, हा प्रश्न आपण त्यांना कधी विचारला? नाही विचारला, आणि बरंच केलं. माझं म्हणणं इतकंच की हाच समजूतदारपणा कूचबिहारच्या वाट्याला का नाही.

छिटात जगणं म्हणजे नेमकं काय ते बघा. ज्या देशाचं छिट, त्याचा पोलीस परदेशाची जमीन ओलांडल्याशिवाय तिथे पोचू शकत नाही. ज्या देशानं वेढलंय त्याच्या पोलिसाला आत अधिकार नाही. मारामारी झाली, दरोडा पडला, तक्रार कोणाकडे? गावची कमिटी. जमीन विकली तर साध्या कागदावर, कारण रजिस्टर करायला ऑफिसच नाही. विजेची तार डोक्यावरून पुढच्या गावाला जाते, छिटात कनेक्शन नाही. व्हिसा काढायला आपल्या देशात जायचं तर आधी बिनव्हिशाचं परदेश ओलांडायचं, म्हणजे कायद्याचा पहिला नियम पाळण्यासाठीच कायदा मोडायचा.

आणि सगळ्यात वाईट बापाचं नाव. भारतातल्या बांगलादेशी छिटातला मुलगा शाळेत घालायचा असेल तर शेजारच्या भारतीय गावातल्या कोणालातरी कागदावर बाप करायचं. बाळंतपणाला दवाखान्यात न्यायचं तर दुसऱ्याच कोणाचंतरी नाव नवरा म्हणून. काही जण ओळखीवर द्यायचे, काही पैसे घेऊन. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी टाइल्सचं काम निघालं तेव्हा कूचबिहारमधल्या दिनहाट्याकडचा एक कारागीर होता, चाळिशीचा असेल, चहा पिता पिता सहज विचारलं गाव कुठलं, तर आधी चाचरला आणि मग म्हणाला, "दादा, बाप तो एक ही था, कागज पे दूसरा था." हसत म्हणाला. त्याच्या बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, त्यात पिशवी, आणि आत कागद, लॅमिनेट केलेले, घडीवर टेप लावलेले. लेव्हल ट्यूब आणि ग्राउटच्या पुड्यांच्या वर, सगळ्यात पटकन हाताला येतील असे ठेवलेले. म्हणाला आता शाळेच्या दाखल्यावर एक बाप आणि आधारवर दुसरा, ते दुरुस्त करायला वकील पैसे मागतो.

आता या माणसाला "तू नेमका कुठला" विचारणाऱ्यांना माझा प्रश्न आहे की उशीर कोणी केला? १९५८ ला नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांचा छिटांच्या अदलाबदलीचा करार झाला, तो कोर्टात अडकला. १९७४ ला इंदिरा गांधी आणि बांगलादेशचे शेख मुजीब यांचा झाला, बांगलादेशनं तो त्याच वर्षी मंजूर केला आणि आपण ४१ वर्षं लावली. का, तर जमीन जाते. हिशेब असा की १७ हजार एकर देणार आणि ७ हजार घेणार, मग 'दहा हजार एकर फुकट दिली' ही घोषणा तयारच. अरे पण ती जमीन आपल्याकडे होती कधी? तिथे आपला तलाठी जात नव्हता, शिक्षक जात नव्हता, पोस्टमन जात नव्हता. २०१३ मध्ये यूपीएनं बिल आणलं तर भाजप, तृणमूल, आसाम गण परिषद सगळे उठले, आणि २०१५ मध्ये भाजपनंच आणलं तर संसदेत एक मत विरोधात नाही. शंभरावी घटनादुरुस्ती. मोदी सरकारला याचं श्रेय मी मनापासून देतो, बाकी माझे मतभेद असले तरी.

मग लोकांना विचारलं गेलं, कुठं राहायचं? भारतातल्या ५१ छिटांमधून बांगलादेशात जायला एकही जण तयार झाला नाही. तिकडच्या सदतीस हजारांतून इकडे आले हजाराच्या आत, बहुतेक हिंदू, पण काही मुस्लिमही. बाकीचे जिथं शेत, जिथं आईबाप पुरलेत किंवा जाळलेत तिथंच राहिले आणि नागरिकत्व तेवढं बदललं. आणि जे जीव तोडून भारतात आले त्यांना आपण काय दिलं, तर दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबाडीला पत्र्याच्या शेडचे कॅम्प, तेही तात्पुरते म्हणून आणि वर्षानुवर्षं. २०१६ च्या विधानसभेला नव्यानं भारतीय झालेल्या हजारोंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं मत दिलं, म्हातारी माणसं नटूनथटून रांगेत. हे मला कुठल्याही परेडपेक्षा जास्त देश वाटतं, कोणाला राग आला तर येऊ दे. माणूस देशाचा होतो तो शाळेच्या हजेरीत नाव लागलं, रेशन मिळालं, ठाण्यात तक्रार लिहून घेतली तेव्हा. घोषणा नंतर आपोआप येतात.

आणि दहा वर्षांत आपण परत त्याच माणसांच्या मागे कागद मागत लागलोय. २०२५ च्या जूनमध्ये आपल्या महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर थेट बांगलादेशात ढकलले गेले, मग दोन्हीकडच्या जवानांची फ्लॅग मीटिंग होऊन परत आणावे लागले. भारतीय होते हो ते! त्याच वर्षी नोव्हेंबरपासून बंगालमध्ये मतदार याद्यांची फेरतपासणी सुरू झाली, २००२ ची यादी आधार धरून. आता २०१५ ला नागरिक झालेल्या माणसाचं नाव, त्याच्या खऱ्या बापाच्या नावासकट, २००२ च्या यादीत सापडणार कसं? आणि सापडलं तर ते उसन्या बापाचं, म्हणजे तिथेही हा फ्रॉड ठरणार.

घुसखोरी होत नाही असं मी म्हणत नाहीये, होते, आणि बेकायदा आलेल्यावर कायद्यानं कारवाई व्हावी, त्याबद्दल वाद नाही. पण छिटवाल्यांच्या बाबतीत तपासणी अवघड आहे ही सबब तरी देऊ नका. २०११ च्या शिरगणतीची यादी आहे, २०१५ ला कोणी कुठला देश निवडला त्याची यादी आहे, घरटी, नावासकट, दोन्ही सरकारांनी मिळून केलेली. ती कूचबिहारच्या कलेक्टर ऑफिसातून देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला आणि निवडणूक कार्यालयाला पाठवायला एक ईमेल लागतो, आणि शाळेच्या दाखल्यावरचा बाप बदलायला वकील न लागता जागेवर एक कॅम्प लावला तरी भागतं.