तालुक्याच्या गावाची कादंबरी

‘ग्रामीण साहित्य’ हा वेगळा कप्पा ठेवावा की मोडावा, हा वाद आपल्याकडे आनंद यादवांच्या काळापासून चालू आहे. कप्पा होता म्हणून खेड्यातल्या लिहित्या मुलांना जागा मिळाली, हे मला मान्य आहे. पण मेलबर्नमध्ये आमच्या वाचकगटात लहान गावांतल्या कादंबऱ्या ज्या हौसेने वाचल्या जातात, ते पाहून माझं मत बदलत गेलं.

इथल्या लेखिका जेन हार्पर यांची रहस्यकादंबरी ‘द ड्राय’ घ्या. पोलीस अधिकारी ॲरन फाल्क मित्राच्या अंत्यविधीसाठी किवारा या काल्पनिक गावी परततो. पावसाचा पत्ता नाही, लहानपणची नदी कोरडी ठणठणीत. खुनाचा छडा लावता लावता गावाने वीस वर्षं जपलेला संशय आणि शेतकऱ्यांची ओढाताण उलगडत जाते. आमच्या गटातल्या एक आजी विमेरा भागात, गव्हाच्या शेतावर वाढलेल्या. खुनी कोण यावर सगळे भांडत असताना त्या सांगत बसल्या, पत्र्याच्या टाकीवर बोटांनी वाजवत खाली यायचं, आवाज बदलला की तिथवर पाणी. त्यानंतर त्या दिवशी खुन्याचा विषय कोणी काढलाच नाही.

ही कादंबरी 2016 सालची. त्याच वर्षी मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पिण्याचं पाणी जात होतं. त्या लातूरवर रात्र जागून वाचावी अशी रहस्यकथा मला हवी आहे. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ मी पुन्हा पुन्हा वाचते. शेतीचं इतकं आतून आलेलं चित्र मला इथल्या पुस्तकांत सापडलेलं नाही. पण पुण्यातली माझी भाची ती हातात घ्यायला तयार नाही. ‘ग्रामीण’ म्हटलं की अभ्यासाला बसल्यासारखं वाटतं, म्हणते. हे मला फार लागतं.

शिक्के इथेही आहेत. अशा पुस्तकांना ‘आउटबॅक न्वार’, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागातल्या काळोख्या गुन्हेकथा, म्हणतात, पण ते ऐकून वाचक पुस्तकाकडे ओढला जातो. इथली उणीव वेगळी आहे. बहुतेक लोक किनाऱ्यालगतच्या शहरांत राहतात, आतलं गाव त्यांना लांबून गूढ दिसतं, आणि त्या जमिनीचे मूळ मालक कित्येक कादंबऱ्यांत दिसतच नाहीत. लेखिका मेलिसा लुकाशेन्को स्वतः बंजलंग या मूळनिवासी समाजाच्या वंशाच्या. त्यांच्या ‘टू मच लिप’मध्ये केरी सॉल्टर चोरीच्या हार्लेवरून गावी येते. आजोबा मरणाच्या दारात, आणि घराण्याच्या नदीकाठी तुरुंग उभा राहायची चिन्हं. हिसकावलेल्या जमिनीचं दुखणं आहे, तरी वाचताना खदखदून हसू येतं. 2019 चा माइल्स फ्रँकलिन हा ऑस्ट्रेलियातला मानाचा साहित्य पुरस्कार या कादंबरीला मिळाला.

म्हणून मी कप्पा मोडण्याच्या बाजूची आहे. बोली, शेती, जात यांतलं काहीही सोडू नका. बाजार समितीतला घोटाळा, पतसंस्था बुडवून पसार झालेला मॅनेजर, बारा वर्षांनी एसटीतून उतरलेली सून, हे सगळं उत्कंठेनं सांगा. आणि प्रकाशकांनी मलपृष्ठावर ‘ग्रामीण जीवनाचं दाहक वास्तव’ छापण्याऐवजी गोष्ट काय आहे ते छापावं.