तोंड उसने घ्यावे

लोकमत घडवायला निघालात ना? मग आधी स्वतःचे तोंड बंद ठेवा. विकणाराच मालाची तारीफ करू लागला की गिऱ्हाईक खिसा दाबून धरते. तोंड उसने आणावे, आणि त्याचे तुमच्याशी लागेबांधे असल्याची कुणाला शंकाही येऊ नये.

अमेरिकन जनसंपर्कतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांचा 1929 चा नमुना गिरवा. बायकांनी रस्त्यावर बिनदिक्कत सिगारेट ओढावी, ही अमेरिकन टोबॅको कंपनीची गरज. बर्नेजनी ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर मिरवणुकीत काही तरुणींना सिगारेटी पेटवायला लावल्या, पत्रकारांना आधीच कुणकुण लागू दिली आणि सिगारेटींचे बारसे केले: ‘स्वातंत्र्याच्या मशाली’. कंपनी पडद्याआड. आता नाक मुरडणारा आपसूक स्त्रीस्वातंत्र्याचा वैरी! नाव ठेवताना कसोटी हीच, की समोरच्याला ‘नको’ म्हणायची लाज वाटली पाहिजे.

जागाही नीट निवडा. 1917 मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा सिनेमाचे रीळ बदलायला चारेक मिनिटे लागत. सरकारने तेवढ्यात बोलणारे सुमारे 75 हजार स्वयंसेवक वक्ते उभे केले. मुद्दे वॉशिंग्टनहून यायचे, बोलायचा मात्र गावातलाच ओळखीचा माणूस. प्रेक्षक तिकीट काढून बसलेला, म्हणजे उठून जाणार नाही. आणि चार मिनिटांत शंका विचारायला वेळ उरत नाही. (शंका हा या धंद्याचा जुना रोग आहे.)

एकदा सांगून भागत नाही. 1977 च्या एका प्रयोगात तीच विधाने दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा ऐकवली, तर खरी असोत की खोटी, ती लोकांना अधिक खरी वाटू लागली. पुराव्यावर खर्च कशाला करता?

काही मंडळी हीच हत्यारे भलत्या कामाला लावतात. 1988 पासून हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने मालिकांतल्या पात्रांच्या तोंडी एखाद-दुसरे वाक्य घातले: गाडी चालवणाऱ्याने त्या रात्री प्यायची नाही. उसने तोंड, छोटे वाक्य, पुन्हा पुन्हा, सगळे आपलेच. पण मोहीम कुणाची आणि कशासाठी, हे त्यांनी उघड सांगून टाकले. नवशिके!

कसलेले काम ऑक्टोबर 1990 चे. एका पंधरा वर्षांच्या मुलीने अमेरिकी खासदारांपुढे रडत सांगितले, की इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयात बाळांना इन्क्युबेटरमधून काढून मरायला टाकले. बैठक संसदेच्या अधिकृत समितीची नव्हती, त्यामुळे शपथेची कटकट नाही. आडनाव ‘कुटुंबाच्या सुरक्षेसाठी’ गुप्त. कुवेतच्या पैशाने नेमलेली हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी मागे. पुढे अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या अहवालात बाळांचा आकडा आला, 312. तीनशे म्हटले तर अंदाज वाटतो. 312 म्हटले की कुणीतरी मोजलेले वाटतात. जानेवारी 1991 मध्ये अमेरिकी सिनेटने इराकविरुद्धच्या युद्धाला मंजुरी दिली, 52 विरुद्ध 47.

मुलगी कुवेतच्या राजदूतांची कन्या, हे बाहेर आले जानेवारी 1992 मध्ये. युद्ध संपून वर्ष होत आले होते. आणि इन्क्युबेटरची गोष्ट चुकीची होती, हे जाहीरपणे कबूल करायची पाळी कुणावर आली म्हणता? अॅम्नेस्टीवर.