प्लास्टिकला गंज

गेल्या रविवारी आमच्याकडं पाहुणे येऊन गेले. मला बघायला. मुलगी आली नव्हती. पहिल्या फेरीत मोठी माणसंच येतात, फरशी बघतात, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं ते विचारतात आणि जातात. वडील, काका, मध्यस्थ आणि मुलीचे मामा असे चौघे होते. पहिल्या तिघांचे चेहरेही मला आता आठवत नाहीत. मामांना विसरायला मात्र वेळ लागेल.

मामांचं औसा रोडला फॅब्रिकेशनचं काम आहे. शेड, गेट, जिने, टाकीचे स्टँड. बाकीचे सोफ्यावर टेकले, तर हे चुरमुऱ्यांच्या सुशीलाची प्लेट हातात घेऊन थेट शोकेसपाशी गेले आणि म्हणाले, "सर, हे भंगारात सापडलं का ओ?"

त्या भंगाराला मी तीन आठवडे दिले होते. १९७९ साली जपानी टीव्हीवर गंडम नावाची मालिका आली. तिच्यातल्या अवाढव्य लढाऊ यंत्रांचे प्लास्टिकचे किट बांदाई कंपनी १९८० पासून विकते आहे. माझ्याकडं आहे तो झाकू, म्हणजे शत्रूच्या बाजूचा, हिरवा आणि एकडोळ्या. एकास एकशे चव्वेचाळीसच्या मापात तो जेमतेम बारा सेंटिमीटर भरतो. किंमत पंधराशे. आईला तीनशे सांगितली आहे, आणि ती फॉरवर्ड सोडून काही वाचत नाही म्हणून इथं खरं लिहितोय.

कंपनी त्याला नवाकोरा देते. खरी हौस त्याला जुना करण्यात असते. चौकटीतून सुटे भाग कापल्यावर राहिलेले खुंट चारशे, आठशे, हजार अशा पॉलिश पेपरनं घासले. लातूरच्या उन्हाळ्यात दुपारी स्प्रे मारला की रंग हवेतच वाळतो आणि अंगावर रवा शिंपडल्यासारखा बसतो, म्हणून पहाटे साडेपाचला गच्चीवर जाऊन प्रायमर मारला. स्पंजचा तुकडा तपकिरी रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून, कडाकडांवर हलकेच टिपला. टवके उडाल्यासारखं हुबेहूब दिसतं. गंजाला गेरू वापरला. धुळीला आमच्याच रानातली काळी माती, धोतराच्या फडक्यातून तीनदा चाळलेली. आणि पाठीवर पेनाचं टोपण कापून पाण्याची टाकी बसवली. मागं बारीक अक्षरांत एमएच २४.

कारण माझ्या डोक्यात होतं ते असं, की युद्ध संपल्यावर हा लातुरात टँकरवर लागला. दुसरं काय करणार? २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. अख्ख्या देशानं त्या गाडीचे फोटो बघितले, आम्ही मात्र घागरींच्या रांगेत असल्यानं आम्हाला ते उशिरा दिसले. आजही गल्लीत टँकर शिरला की पोरं क्लास सोडून पळतात. हे सगळं मला त्या बारा सेंटिमीटरमध्ये दाखवायचं होतं. असो.

"भंगार नाही, मॉडेल आहे," मी म्हणालो. "खरा साडेसतरा मीटर उंच असतो. म्हणजे, कथेत."

ही चूक झाली. मामांनी प्लेट टीव्हीवर ठेवली.

"साडेसतरा मीटर. म्हंजे सत्तावन्न फूट. पाया किती घेतला?"

"पाया नसतो. तो चालतो."

"काळ्या मातीत? पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घराच्या भिंती तडकवते ती, ह्याचं काय घेऊन बसलात? मुरूम लागेपर्यंत खांदावंच लागंल." मग पायाच्या घोट्यावर बोट ठेवून, "हितं बारीक केलंय. सगळं वजन हितं येणार. दोन बाजूंनी आधाराला गसेट प्लेट पाहिजे." मग ते मनातल्या मनात टनांचा हिशेब करू लागले. मुलीचे वडील आदरानं गप्प बसले. मला वाटलं, आता कोटेशन देतात.

त्याऐवजी ते गंजाकडं वळले.

"आन् सर, गंज छातीला कामून लावला?"

"जुना दिसावा म्हणून."

"छातीला पाणी थांबतं का? घसरून जातं. गंज आधी वेल्डिंगच्या जोडाला धरतो, मग जिथं पाणी साचतं तिथं. टाकीच्या बुडाला लावा की ओ! टाकीच कोरी ठेवलीत."

हे बरोबर होतं, आणि तेच मला अजून खुपतंय.

"पण हे कशाचंय?"

"प्लास्टिकचं."

मामा वळले. सगळी बैठक वळली. "तुम्ही क्लासला शिकवता काय, सर?"

"केमिस्ट्री," आई कौतुकानं म्हणाली.

"केमिस्ट्री शिकवता," मामा अगदी सावकाश म्हणाले, "आन् प्लास्टिकला गंज लावता?"

माझ्याकडं उत्तर होतं. झाकूचं चिलखत कथेत पोलादाचं आहे. गंडमचं टायटॅनियमच्या जातीचं, त्याला मी कधी गंज लावला नसता, तेवढं मला कळतं. पण मुलगी द्यायला आलेल्या माणसांपुढं हे वाक्य "म्हणजे, कथेत" नं सुरू करावं लागतं. मी गप्प बसलो. मामांनी अंगठा जिभेला लावला आणि झाकूच्या खांद्यावरून खसकन फिरवला. "बघा, निघतोय! खरा असता तर निघला असता का?"

माती होती, गेरू होता, वरून मॅट कोट मारायचा राहिला होता. सगळं सुशीलाच्या तेलासकट मामांच्या अंगठ्यावर गेलं. त्यांनी तो रुमालाला पुसला. आई म्हणाली, "मी पण हेच म्हणते, जरा पुसत जा."

माझा एक मित्र रोज संध्याकाळी तीन तास चौकात टपरीवर उभा राहतो, त्याला कुणी विचारत नाही याचं काय मिळतं म्हणून. दुसरा सहा वर्षं मॅचवर पैसे लावतोय, त्याचं लग्न झालं. मी घरात बसून पॉलिश पेपर घासतो, तर माझ्या डिग्रीची चौकशी.

बुधवारी मध्यस्थांचा फोन आला. स्थळ बरं वाटलं, कळवतो म्हणाले. मामांनी तेवढं विचारलंय, घोट्याला प्लेट मारली का.

प्लेट मारणार नाही. पण काल रात्री दुरुस्तीला बसलो, तर अंगठा फिरलेला तो खांदा तेलकट चकचकीत झाला होता, टँकरच्या कॉकशेजारी हजार हात लागून होतो तसा. स्पंजनं, ब्रशनं, कशानंच मला ते आजवर जमलं नव्हतं. मी पहाटे उठून तो खांदा आहे तसा सोडून बाकी सगळ्यावर मॅट कोट मारला, आणि टाकीच्या बुडाला थोडा गेरू.